क्रोशाचे लोकरी हातमोजे

क्रोशाचे लोकरी हातमोजे हे एकाच आकडेदार सुईने विणलेले, अंगठ्यासाठी एक आणि उरलेल्या चार बोटांसाठी एक असे दोनच कप्पे असलेले हातमोजे होत. बोटे एकत्र राहिल्याने ती परस्परांना ऊब देतात.

खानदेश उन्हाळ्यासाठी ओळखला जात असला, तरी उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांमुळे डिसेंबर-जानेवारीत धुळे व जळगाव येथील किमान तापमान पुष्कळदा १० अंश सेल्सिअसखाली उतरते. दुपार उबदार असल्याने मोज्यांची गरज मुख्यतः पहाटे भासते. ब्रेक व क्लचसाठी बोटे सुटी लागत असल्याने दुचाकी चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्यालाच हा प्रकार सोयीचा ठरतो.

विणकाम मनगटापासून सुरू होते. साखळी गोल जोडून, आधीच्या ओळीतील खांबांभोवती आळीपाळीने पुढून व मागून सुई घातली की उभ्या कडांची ताणली जाणारी पट्टी तयार होते. तळव्याला मुके खांब घालतात. हाताच्या पाठीवर एकाच टाक्यात चार-पाच खांब विणून त्यांची टोके एकत्र बांधतात. त्यामुळे उठणाऱ्या फुगीर गाठींत हवा कोंडून राहते. अंगठ्यासाठी वाढवलेले टाके बाजूला ठेवून शेवटी विणतात. वीण सैल झाल्यास वारा आरपार जातो.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त व धुण्यास सोपा असला, तरी आगीत वितळून त्वचेला चिकटतो. असे मोजे घालून शेकोटीवर हात धरणे धोक्याचे असते. मेंढीची लोकर वितळत नाही व सहजी पेटतही नाही.