पितळखोरे लेणी

पितळखोरे लेणी ही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. सातमाळा डोंगररांगेत, खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या एका खोल घळीच्या कड्यात ती कोरलेली आहेत. त्यांचा आरंभ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. हा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो.

== वाट ==
कन्नडच्या बाजूने पठारापर्यंत वाहन जाते. तेथून पायऱ्यांनी घळीत उतरावे लागते. खानदेशातून येणारे पदयात्री मात्र चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीहून जंगलवाटेने चढतात. मुक्ताईनगरकडून येणाऱ्यांना भुसावळहून रेल्वेने चाळीसगाव गाठता येते. वाट अभयारण्यातून जात असल्याने माहीतगार वाटाड्या सोबत असणे इष्ट आहे. पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शके ११२८ मधील शिलालेख सापडला. या ज्योतिषी चांगदेवाची मुक्ताईनगर परिसरात पूजल्या जाणाऱ्या योगी चांगदेवांशी गल्लत होऊ शकते; दोघे भिन्न आहेत.

== चैत्यगृह आणि विहार ==
मुख्य समूह घळीच्या एका बाजूस असून समोरच्या बाजूस स्तूप असलेली काही लहान लेणी आहेत. लेणे क्र. ३ हे चैत्यगृह आहे. त्याच्या अष्टकोनी खांबांवर बुद्धप्रतिमांची चित्रे दिसतात. ती मूळ खोदकामानंतर कित्येक शतकांनी, महायान काळात काढली गेली. मधल्या छताच्या लाकडी फासळ्या नष्ट झाल्या आहेत. बाजूच्या पडव्यांच्या फासळ्या दगडातच कोरल्यामुळे टिकल्या.

लेणे क्र. ४ हा विहार, म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. काही खोल्यांची छते कमानदार असून त्यांवर लाकडी तुळया-वाशांची हुबेहूब नक्कल केली आहे. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी शस्त्रधारी द्वारपाल आणि वर जाणारा जिना आहे. जिन्याजवळ पाच फण्यांचा नाग कोरला असून आतून आणलेले पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी योजना होती. पावसाळ्यात घळीत कोसळणारे ओहोळ पाहिले, की पाण्याचा एवढा विचार का केला असेल ते समजते.

== दाते आणि कारागीर ==
येथील लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत आहेत. त्यांत राजा कोठेच दाता म्हणून पुढे येत नाही. चैत्यगृहाच्या खांबांवर प्रतिष्ठान (पैठण) येथील मितदेव या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुटुंबाचा उल्लेख आहे. विहारात राजवैद्य मगिल तसेच त्याची मुलगी दता आणि मुलगा दतक यांची नावे आढळतात.

१९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी विहारासमोरील दरडीचा ढिगारा उपसला. त्यात डोक्यावर पात्र धरलेली हसतमुख, ठेंगू यक्षमूर्ती मिळाली. कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचे तिच्या हातावरच कोरले आहे. प्राचीन भारतीय शिल्पावर कर्त्याचे नाव असणे दुर्मिळ. त्यातही दगडी मूर्तीखाली सोनाराचे नाव यावे हे विशेष. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे येथे येणाऱ्यास ती पाहता येत नाही.

== पडझड ==
येथील बेसाल्ट एकसंध नाही. त्याच्या थरांत व भेगांत पाणी मुरून दरडी सुटल्या, आणि चैत्यगृह व विहार या दोन्हींचे दर्शनी भाग कोसळले. खोल्या आज कड्यात उघड्यावर दिसतात त्या यामुळेच. मूळच्या रहिवाशांना त्यांपुढे भिंत व प्रशस्त दालन होते. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

== भेटीचा काळ ==
पावसाळ्यात धबधबे वाहतात, पण पायऱ्या निसरड्या होतात. हिवाळा चालण्यास अधिक सोयीचा. कड्यावर आग्या मोहोळ असल्यास धूर व मोठा आवाज टाळावा. पाटणादेवीच्या बाजूने चढणाऱ्यांनी अंधारापूर्वी जंगल उतरता येईल अशा बेताने सकाळी लवकर निघावे.