लाकूड धरायचे कशाने?

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे गेले की कोंडाणे गावाच्या वर, रानात एक लेणे लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले हे बौद्ध चैत्यगृह. त्याची दर्शनी बाजू नीट पाहिली तर एक गंमत ध्यानात येते. दगडात तुळया आहेत, तुळयांची बाहेर आलेली टोके आहेत, सज्जे आहेत, जाळ्या आहेत. कातळाला यातल्या कशाचीच गरज नाही. तो स्वतःच छप्पर तोलतो. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारती होत्या आणि त्यांनी त्या जशाच्या तशा दगडात उतरवल्या. घाटावर कार्ल्याच्या लेण्यात तर छताखाली खऱ्याखुऱ्या लाकडी कमानी बसवलेल्या आजही दिसतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांच्या आसपास लाकूड मापात कापणारे, बिनचूक जोडणारे कारागीर होते. कोंडाण्यातील ब्राह्मी लेख सांगतो की, हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. कारागिरी शिष्याने गुरूकडून उचलायची, ही रीत तेव्हाचीच.

आता एक साधा प्रश्न विचारू या. लाकूड कापताना ते हलू नये म्हणून धरायचे कशाने? सुतारकामाचा इतिहास करवतीच्या अंगाने पुष्कळ सांगितला जातो. लाकूड धरण्याच्या अंगाने फारसा सांगितला जात नाही. आम्हाला वाटते, तो या दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवा.

आपल्या गावातला बलुतेदार सुतार जमिनीवर बसून काम करी. लाकूड एका ओंडक्यावर टेकवायचे, पायाने दाबायचे, पायाच्या अंगठ्याने आणि बोटांनी आवळायचे आणि दोन्ही हात हत्याराला मोकळे ठेवायचे. आपल्याकडच्या जुन्या लहान करवतींचे दाते बहुधा मुठीकडे वळलेले असत. करवत ढकलताना नव्हे, ओढताना कापे. त्यामुळे लाकूड सुताराच्या दिशेने, म्हणजे त्याच्या पायाकडेच खेचले जाई आणि आपोआप टेकून राही. पातेही ताणात राहत असल्याने वाकत नसे. या पद्धतीत इजा होत नसे असे नाही. पण हाताच्या करवतीचा वेग सेकंदाला साधारण एखादा मीटर. पाते अडकले की हाताला कळते आणि हात थांबला की करवत थांबते. जो हात कापतो, तोच थांबवतो.

युरोपात सुतार उभ्याने, बाकावर काम करू लागला आणि पायाची जागा बाकाच्या खुंट्यांनी व स्क्रूच्या व्हाइसने घेतली. तिथेच तिरक्या कापासाठी एक साधी पेटी वापरात आली. तीन फळ्यांची पन्हळ, तिच्या दोन्ही भिंतींत ४५ अंशांवर पाडलेल्या खाचा. लाकूड पन्हळीत भिंतीला टेकवायचे आणि करवत खाचेतून चालवायची. जोसेफ मॉक्सन या इंग्रज लेखकाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरीवर लिहिलेल्या पुस्तकात या पेटीचे वर्णन आहे. तिला माइटर बॉक्स म्हणतात.

४५ अंशच का? तसबिरीची चौकट घ्या. दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडल्या की ९० अंशांचा कोपरा होतो. चार कोपऱ्यांसाठी असे आठ काप लागतात. प्रत्येक काप एकाच अंशाने चुकून ४४ अंशांचा झाला, तर कोपरे ८८ अंशांचे होतील, चारांची बेरीज ३५२ येईल आणि शेवटच्या कोपऱ्यात ८ अंशांची फट उरेल. एक अंश डोळ्याला दिसत नाही, आठ अंश दिसतात. लाकूड कापताना केसभर सरकले तरी ही चूक होते. म्हणजे लाकूड घट्ट धरणे ही गोष्ट आधी अचूकपणासाठी आली. सुरक्षिततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो यंत्र आल्यावर.

गोल करवतीचा उल्लेख इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलरने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात सापडतो. पुढे वाफेवर आणि मग विजेवर ती फिरू लागली. विजेच्या बाबतीत आपल्या भागाचे नाव मोठे आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. ती वीज गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. गावच्या सुताराच्या पडवीत वीज पोचायला आणखी कित्येक दशके लागली. दरम्यान अमेरिकेत रॉकवेल कंपनीने १९६४ च्या सुमारास जुन्या माइटर बॉक्सवर विजेची गोल करवत बसवली. हीच माइटर सॉ. आज कर्जत-खालापुरात जिथे जिथे बंगल्यांची कामे चालतात, तिथे दारे, खिडक्या, पट्ट्या कापणारे हे यंत्र जमिनीवरच मांडलेले दिसते. यंत्र बदलले, बैठक बदलली नाही. जुन्या सवयीने पाय किंवा हात लाकडावर जातो आणि धोका नेमका इथेच आहे.

थोडे गणित करू. पात्याचा व्यास २५५ मिलिमीटर, फेरे मिनिटाला ४८०० धरू. परीघ झाला सुमारे ०.८ मीटर, फेरे सेकंदाला ८०. म्हणजे दात्याचा वेग सेकंदाला ६४ मीटर, ताशी सुमारे २३० किलोमीटर. काहीतरी बिघडले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण एकपंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पाते १६ फेरे घेते. पात्याला ४० दाते असतील तर ६४० दाते त्या जागेवरून जातात. ‘मी सावध असतो’ या वाक्याला इथे अर्थ उरत नाही. जो हात कापतो तो आता थांबवू शकत नाही.

मग थांबवायचे कोणी? कापण्याआधीच करून ठेवलेल्या मांडणीने. माइटर सॉचे पाते लाकडाला खाली आणि मागे, म्हणजे टेबलावर व मागच्या आडभिंतीवर दाबते. म्हणून लाकूड या दोन्हींना फट न ठेवता टेकलेले हवे. वाकडी पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू भिंतीला लावावी. पोकळ बाजू लावली, तर पट्टी फटीत ढकलली जाते, काप मिटतो, पाते आवळले जाते आणि लाकूड उसळते. तिरक्या कापात लाकूड भिंतीच्या कडेने बाजूलाही सरकू पाहते. तिथे शिकंजा हवाच. लांब पट्टीला टेबलाबाहेर तेवढ्याच उंचीचा आधार द्यावा. मात्र शिकंजा एकाच बाजूला लावावा. कापून पडणारा तुकडा मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर पाते दोन तुकड्यांत चिमटते. हात पात्यापासून निदान १५ सेंटीमीटर दूर असावा. त्यापेक्षा आखूड तुकडा हाताने धरूच नये. हातांची अढी घालून पात्याच्या पलीकडचे लाकूड धरू नये. पात्याला पूर्ण वेग आल्यावरच ते लाकडाला लावावे. काप संपल्यावर बटण सोडून, पाते थांबू देऊन मगच वर उचलावे. डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे आणि सैल बाह्या मात्र नकोत, कारण दाते कापड पकडून हात ओढतात. आणि पात्यावरचे झाकण दोरीने बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट ‘जुगाड’ होय.

यंत्राभोवती कुंपण हवे, ही समज कायद्यात फार पूर्वी आली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना आडोसा घालण्याची तरतूद होती. पण तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यांसाठी ही मर्यादा १० वर आणली. २०२० च्या संहितेने ती पुन्हा २० केली. चार माणसांची सुतारी कार्यशाळा यातल्या कोणत्याच आकड्यात बसली नाही. तिथे निरीक्षक येणार नाही. तिथे येणारा मुलगा जे शिकून येईल, तेवढेच त्याचे कुंपण.

म्हणून हा विषय शिक्षकांचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकामासारख्या व्यवसायांचा अनुभव द्यावा असे सुचवले आहे. तेव्हा यंत्र मुलांच्या हाती देऊ नये. पण लाकडी माइटर बॉक्स आणि हातकरवत शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर द्यावी. एकदा पट्टी नुसती हाताने धरून बॉक्समध्ये कापायला सांगा, एकदा शिकंज्याने आवळून. दोन्ही वेळा आठ काप, एक चौकट. शेवटच्या कोपऱ्यातली फट मोजा. फरक मुलांना स्वतःच दिसेल आणि ‘आधी आवळा, मग कापा’ हे वेगळे सांगावे लागणार नाही.

कर्जतच्या मुलांना आणखी एक उदाहरण घराजवळच आहे. बोरघाटात उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर तिला वळवून घ्यायला चढावर जाणारे बाजूचे रूळ टाकलेले आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. चालक हुशार नाही म्हणून ते टाकलेले नाहीत. धावत्या गाडीपुढे हुशारी अपुरी पडते, हे ओळखून टाकलेले आहेत. शिकंजा हे सुताराचे कॅच सायडिंग. लाकूड हाताने धरले तर हात त्या वाटेवर असतो. शिकंज्याने धरले तर नसतो. बलकाच्या गुरूने त्याला हत्यार धरायला शिकवले असेल. आज आपल्या विद्यार्थ्याला, हात कुठे ठेवायचा नाही, हेही शिकवावे लागेल.