जुनी बंदूक घेण्याआधी

एकजण विचारत होता, वीस बोअरची जुनी बंदूक मिळतेय, वर-खाली दोन नळ्यांची, घेऊ का? नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती भरतात, तो आकडा म्हणजे बोअर. म्हणून वीसची नळी बारापेक्षा बारीक.

1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. 1972 ला वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचं लायसनच गेलं. माझाही हरभरा हरणं खातात, पण बार काढला की जेल. राहिल्या रेंजवरच्या मातीच्या तबकड्या.

परवान्याशिवाय फुकटचीही घेऊ नका. विकणाऱ्यालाही 45 दिवस आधी पोलीस ठाण्यात नाहीतर कलेक्टरकडं लेखी कळवावं लागतं. कागद नसेल तर हात लावू नका.