उजनीच्या पाण्याखाली

पूर्ण भरलेल्या उजनी धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटरवर असते. पाटबंधारे खात्यापलीकडे या आकड्याची फारशी कुणाला गरज पडत नाही, पण स्कुबा शिकणाऱ्याला पडावी. समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरच्या वर असलेल्या पाण्यात बुडी मारायची तर हवेचा दाब कमी धरून वेगळं गणित मांडावं लागतं, असं या खेळाचं शास्त्र सांगतं. म्हणजे सोलापूरकराच्या दारातलं सगळ्यात मोठं पाणी ‘उंचावरचं’ ठरतं. समुद्र मात्र सुमारे चारशे किलोमीटर लांब, मालवणला.

बुडी मारणं या दुष्काळी सोलापूर जिल्ह्याला नवं नव्हतं. मोटेच्या विहिरी होत्या तोवर गावातली पोरं विहिरीतच पोहायला शिकत. कमरेला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचं आणि थोरल्याने वरून ढकलून द्यायचं, हीच शिकवणी. पुढे सूर, मग मुटका. घागर किंवा बादली तळाला गेली की आधी गळ टाकून बघायचे, आणि गळाला लागली नाही तर दम कोंडून खाली जाणाऱ्याला हाक जायची. मोटा गेल्या, विजेचे पंप आले, भूजल खाली गेलं. मग बोअरवेल आल्या, आणि सहा इंची भोकात कोण सूर मारणार!

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि जिल्ह्याला अचानक खोल पाणी मिळालं. त्यासाठी करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांतली गावं उठली. माणसं जनावरं आणि भांडीकुंडी घेऊन वर सरकली. वाडे, पार, विहिरी, बारवा जागच्या जागी राहिल्या. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं गाव पुणे–सोलापूर रस्त्याकडेला नव्याने वसलं आणि देवही नव्या देवळात आला. पळसनाथाचं जुनं कोरीव मंदिर मात्र त्याच्या भूमिज धाटणीच्या शिखरासह पाण्यात उभंच राहिलं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1860 मध्ये सोलापूरला पोचला होता. धरणापायी तोही हलवावा लागला, आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल पुढे मोटारगाड्यांच्या रस्त्यासाठी वापरात आला.

बुडालेलं देऊळ, बुडालेली गावं, मुबलक खोली. परदेशात एवढ्या भांडवलावर सिलिंडर भाड्याने देणारी दुकानं उभी राहिली असती. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला समुद्र नाही, पण तिथली स्टोनी कोव्ह ही जुनी दगडखाण झऱ्यांच्या पाण्याने भरली आणि पाणबुड्यांची शाळाच झाली. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारे कामगार तिथे तयार झाले. अमेरिकेत मिसूरीमध्ये बॉन टेरची शिशाची खाण बंद पडली, तिच्यात पाणी साठलं, आणि लोक आता दिवे लावून त्या पाण्यात उतरतात.

खाणीच्या पाण्यात गाळ येत नाही. उजनीत भीमा सगळा मुलूख धुऊन आणते. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येतं. पाणी हिरवं, दाट, वाससुद्धा येणारं. भिगवणच्या दलदलीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांना ते मानवतं, पण माणसाला आत फारसं काही दिसायचं नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. एनडीआरएफची पथकं उतरली होती, तरी सहाही मृतदेह हाती लागेपर्यंत 23 मे उजाडला. या पाण्यात हौसेने उतरण्याचा विचार करणाऱ्याने ते दिवस लक्षात ठेवावेत.

त्याच उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलं होतं. उजनीचा मृतसाठाच 63 टीएमसीच्या वर, त्यामुळे शून्य टक्के म्हटल्यावरही पाणी अफाट असतं. 2024 मध्ये साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास घसरला आणि पळसनाथाचं मंदिर पायथ्यापासून उघडं पडलं. जे बघायला पाणबुड्या लागला असता, ते लोकांनी वाळलेल्या गाळावरून चालत जाऊन बघितलं. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी, म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, असंच दर उन्हाळ्यात वर येतं आणि जुने गावकरी तिथे जमून उत्सव करतात. द्वारकेच्या समुद्रात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1980 च्या दशकात तळ धुंडाळला. तशी नजर आपल्या धरणांच्या तळाकडेही वळायला हवी. मंदिरांचे दगड दर वर्षी भिजतात आणि वाळतात; ते फार काळ वाट बघणार नाहीत.

तोवर हौशी सोलापूरकराने शहरातल्या तरण तलावात दम वाढवावा आणि पावसाळा संपला की मालवण गाठावं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोहता न येणाऱ्यालाही वाटाड्या धरून खाली नेतो. एक पथ्य मात्र पाळावं. परतताना सह्याद्री चढायचा असतो, वर हवेचा दाब कमी होतो, आणि आंबोली 690 मीटरच्या आसपास आहे. बुडीनंतर विमानात बसण्याआधी जितका वेळ थांबतात, तितकाच घाट चढण्याआधीही थांबावं : एकच साधी बुडी असेल तर किमान बारा तास, अनेक असतील तर अठरा. त्यामुळे मुक्काम एक रात्र वाढवूनच गाडी ठरवा.