उकळलेली गाडी आणि ड्रायव्हरचा पगार

मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. फोर्डने गाडी स्वस्त कशी केली, वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला कारखाना कसा उभारला, हे त्यात वाचावयास मिळते. पण तीच गाडी मे महिन्यात, पारा 45 अंशांवर गेला असताना, तळेगावच्या सत्याग्रही घाटात वाफ सोडीत उभी राहिली, म्हणजे दोष कोणाचा आणि तो ठरवावयाचा कसा, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. मी यंत्रशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. मोटार कामगारांची संघटना बांधताना गॅरेजमधल्या पालथ्या डब्यावर बसून जे कानांवर पडले, डोळ्यांनी पाहिले आणि मागाहून पुस्तकांत ताडून घेतले, तेवढ्याच भांडवलावर हा विषय मांडीत आहे.

गाडी ओढत नाही आणि गाडी गरम होते, या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच रोगाची दोन लक्षणे असतात. जुन्या इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला जेमतेम पाव भाग कामी येतो. उरलेली धुराबरोबर आणि रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. आता ठिणगी जर उशिरा पडली, तर पिस्टन खाली निघून गेल्यावर जाळ होतो. तो पिस्टनला ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंती आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह तापवीत राहतो. म्हणजे जो जोर चाकांना मिळावयाचा, तोच उष्णता होऊन पाण्यात उतरतो. वरून दुसरे रेडिएटर बसविले तरी हा रोग हटत नाही. मालकाचे पैसे मात्र जातात.

1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ही गोष्ट ड्रायव्हरच्या हाती, अगदी अक्षरशः हाती होती. सुकाणूच्या चाकाखाली दोन दांड्या असत. उजवीकडची पेट्रोलची, डावीकडची ठिणगीची. हँडल मारून इंजिन सुरू करताना ठिणगी मागे ठेवावी लागे, नाहीतर हँडल उलट फिरून मनगट मोडे. आणि गाडी चालू लागली की दांडी पुढे ओढावी लागे. ती ओढावयाची राहिली की गाडी रडतखडत चाले आणि उकळे. पाणी फिरविण्यासाठी त्या गाडीला पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे आणि थंड झालेले खाली येई, एवढ्यावरच भिस्त होती. अशा गाडीबद्दल मालक ड्रायव्हरवर रागावला, तर त्याला निदान काही आधार होता.

(आमच्या वर्ध्यात फोर्ड गाडी उकळू नये याचा एक अक्सीर उपाय झाला होता. जमनालालजी बजाज यांच्याकडे फोर्डच्या गाडीला बैल जुंपले गेले आणि त्या वाहनाला विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. त्या गाडीच्या ड्रायव्हरचा पगार इंजिनापायी कापला गेला नसेल, एवढे खात्रीने म्हणता येईल.)

पुढे ठिणगीची दांडी गेली. तिचे काम डिस्ट्रिब्यूटरच्या आत दडविलेल्या दोन लहान वजनांकडे आले. इंजिनाचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप लवकर पडते. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. सोय मोठी झाली. पण तिच्याबरोबर जो फरक व्हावयास हवा होता तो झाला नाही. दोष ड्रायव्हरच्या हातून झाकणाखाली गेला, ठपका मात्र ड्रायव्हरपाशीच राहिला. ‘तूच गाडी दामटलीस, तूच पाणी पाहिले नाहीस,’ हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकले आहे, की ते गाडीबरोबर छापून येते की काय अशी शंका यावी.

भेसळीने तर यात कहरच केला. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की चढावर इंजिन ठोके देऊ लागते. ठोके बंद करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे टायमिंग मागे घेणे. ठोके थांबतात, मालक खूश होतो. परंतु ठिणगी उशिरा पडू लागलेली असते. मग पहिल्याच घाटात गाडी दम सोडते आणि पाणी उकळते. भेसळ करणारा पंपावर, टायमिंग फिरविणारा गॅरेजमध्ये, आणि भर उन्हात रस्त्यावर कोण? ड्रायव्हर!

1990 नंतरच्या दशकातले एक प्रकरण सांगतो. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ॲम्बॅसिडर टॅक्सी हिंगणघाटच्या रस्त्यावर दोनदा उकळली, हेड गॅस्केट गेले आणि दुरुस्तीचा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापू लागले. ‘टायमिंग तपासले आहे, बरोबर आहे,’ असे मालकाचे म्हणणे. आणि गाडी उभी असताना ते खरेच बरोबर होते. आम्ही एका म्हाताऱ्या मिस्तरीला नेले. त्याने हत्यार उचलण्याआधी ड्रायव्हरला विचारले, ‘रेल्वे फाटकावर उकळते, का धावताना?’ उभी असताना उकळणारी गाडी पंख्याकडे आणि पट्ट्याकडे बोट दाखविते. धावताना उकळणारी दुसरीकडे. ‘धावताना,’ ड्रायव्हर म्हणाला. मग मिस्तरीने चारी चाकांच्या ड्रमांना हात लावून पाहिला, कारण ब्रेक चिकटलेले असले तरी गाडी ओढत नाही आणि इंजिन तापते. रेडिएटरच्या जाळीवरून तळवा फिरविला; आमच्या विहिरींच्या जड पाण्याने नळ्या बुजतात आणि बुजलेली जागा हाताला थंड लागते. हे सर्व ठीक निघाले. शेवटी त्याने डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले आणि रोटर दोन बोटांत धरून पिळला. तो थोडा फिरून स्प्रिंगने परत यावयास हवा होता. तो हललाच नाही. आतली वजने गंजून बसली होती. म्हणजे गाडी उभी असताना टायमिंग बरोबर आणि धावू लागली की ठिणगी मागेच राहिलेली!

1936 च्या वेतन प्रदान कायद्यात नुकसानीची कपात करण्यास दोन अटी होत्या. नुकसान कामगाराच्या हयगयीतूनच थेट झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. 2019 च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम राहिले. पण म्हणणे मांडावयाचे तर कारण कळावयास हवे, आणि कारण झाकणाखाली. त्या दिवशी मिस्तरीचा न हलणारा रोटर हाच आमचा पुरावा झाला. कपात थांबली, आधी कापलेले पैसे परत यावयास मात्र आणखी चार महिने लागले.

कुर्ल्याच्या पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास संपले, ॲम्बॅसिडरचे 2014 मध्ये. आजच्या पुष्कळ गाड्यांत ठिणगी संगणक ठरवितो. इंजिनावर बसविलेले एक यंत्र ठोके ऐकते, आणि ऐकू आले की संगणक ठिणगी स्वतःच मागे घेतो. जुना मिस्तरी जे कानाने करी तेच हे. वाईट पेट्रोल भरले की गाडी आजही ओढत नाही. फरक इतकाच की ती नोंद आता गाडीतच साठू शकते आणि गॅरेजवाला ती स्कॅनरवर वाचतो. वाचलेला कागद मालकाच्या हाती जातो. ड्रायव्हरचा पगार कापावयाचा असेल, तर त्या कागदाची प्रत आधी त्याला द्यावी आणि गाडी कोठे, कशी उकळली हे त्याचे सांगणे त्याच कागदावर लिहून घ्यावे, अशी मागणी आम्ही जिल्ह्यातल्या गाडीमालकांपुढे ठेवली आहे. दोघांनी ती मान्य केली आहे. बाकीच्यांशी बोलणी चालू आहेत.