ग्रीकला साडेसातशे, संस्कृतला पावणेचारशे

"तत्त्वज्ञान, आणि जोडीला प्राचीन ग्रीक? त्यानं पोट भरतं का?" इथल्या आपल्या एखाद्या मुलीनं हा विषय घेतला की प्रश्न ठरलेला. गंमत म्हणजे एके काळी याच जोडीच्या जोरावर इथली मुलं हिंदुस्थानात जाऊन अख्खा जिल्हा सांभाळायची!

ऑक्सफर्डच्या या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचं नाव 'लिटरे ह्युमनिओरेस'. आधी पाच सत्रं भाषा-साहित्य, मग सात सत्रं तत्त्वज्ञान आणि प्राचीन इतिहास. या दुसऱ्या भागाला म्हणायचे 'ग्रेट्स'. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल मूळ ग्रीकमधून वाचायचे. बेंजामिन जॉवेट १८५५ मध्ये तिथे ग्रीकचे प्राध्यापक झाले, पुढे १८७० ते १८९३ बेलियल कॉलेजचे प्रमुख होते. त्यांनी केलेलं प्लेटोचं इंग्रजी भाषांतर १८७१ मध्ये आलं.

पण आपला संबंध वेगळाच आहे. हिंदुस्थानच्या सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा कशी असावी हे ठरवणाऱ्या १८५४ च्या मेकॉले समितीत हेच जॉवेट होते. समितीनं सुचवलेले गुण बघा: ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, संस्कृत ३७५, अरबी ३७५. कारभार करायचा हिंदुस्थानात, आणि संस्कृतला ग्रीकच्या निम्मे गुण! शिवाय परीक्षा लंडनला. म्हणजे जॉवेटांच्या विद्यार्थ्यांना दार उघडं, आणि आपल्याकडच्या पोरांना आधी समुद्र ओलांडायचा. तरी १८६९ साली श्रीपाद बाबाजी ठाकूर ती पास झाले. मला तर ते नाव आपल्या मुलांना पाठ असावं असं वाटतं.

एवढा राग येऊनही ग्रीक शिकण्यात अर्थ आहे, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा 'युडायमोनिया' घ्या. इंग्रजीत सर्रास 'हॅपिनेस' करतात. पण ती मनाची घटकाभराची अवस्था नाही. अख्खं आयुष्य नीट जगलं गेलं का, असा तो हिशोब आहे. आपल्या 'धर्मा'चं 'रिलिजन' झालं की जे हरवतं, तसंच इथे हरवतं. 'निकोमाकियन एथिक्स'मध्ये तो चक्क विचारतो, की माणूस गेल्यावर त्याच्या मुला-नातवंडांचं बरंवाईट त्याच्यापर्यंत पोचतं का? पोचत असेल, पण फार थोडं, असं त्याचं उत्तर. पितृपक्ष पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न परका वाटायचा नाही.

ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी ग्रीकची सक्ती १९२० मध्ये गेली. आता अल्फा-बीटाही येत नसलं तरी तिथे जाऊन पहिल्यापासून शिकता येतं.