चाळीसगावचा टांगा : अपमान शरीरात कुठे राहतो?

आज विषय मानसोपचाराचा आहे, पण आपण सुरुवात खानदेशातूनच करू. भुसावळहून मुंबईच्या गाडीत बसलं की जळगाव, पाचोरा आणि मग चाळीसगाव. १९२९ साली डॉ. आंबेडकर धुळ्याकडच्या गाडीने या स्टेशनावर उतरले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सदस्य होते. महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह धरला, आजची रात्र आमच्याकडे राहा. पण त्यांना न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असोत की कुणी, टांगेवाल्याच्या लेखी ते महारच! पाहुण्याला पायी नेणं यजमानांना कमीपणाचं वाटलं. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणार मात्र तुमच्यातलाच कोणीतरी. ज्याने लगाम धरला त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट खाली नदीत. त्यांचं पायाचं हाड मोडलं.

हे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलंय. टांगेवाल्यांच्या नकाराची गोष्ट त्यांना नंतर कळली. तिथे ते एक मार्मिक गोष्ट नोंदवतात. पाहुण्याचा मान राखताना त्याचा जीव जास्त मोलाचा आहे, हे लोक विसरले.

आता अमेरिकेकडे पाहू. मिनियापोलिसचे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ रेस्मा मेनाकेम यांनी २०१७ साली ‘माय ग्रँडमदर्स हँड्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की वंशभेदाची जखम आधी शरीरात असते : आखडलेल्या खांद्यात, अडलेल्या श्वासात. पिढ्यान्‌पिढ्या ती पुढे सरकते. म्हणून नुसतं समजावून भागत नाही. गुणगुणणं, डुलणं, श्वासाकडे लक्ष देणं, यातून शरीराला आधी शांत करायचं. आणि आपण कोण आहोत हे लपवायचं नाही. १९९२ साली ज्युडिथ हर्मन यांनीही आघातातून सावरण्याची पहिली पायरी म्हणून सुरक्षितताच सांगितली होती.

मग चाळीसगावचे लोक चुकले का? आम्हाला तसं सरळ म्हणवत नाही. ज्याला रोज वाकावं लागतं, त्याच्यासाठी मान हीसुद्धा सुरक्षितताच असते. महाडचंच बघा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायले, ती कृती शरीराचीच. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, लुगडं घोळदार, पायापर्यंत नेसा, जात ओळखू येते ते जड दागिने सोडा. टिपणीस, चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी नेसायला शिकवलं. कुणी म्हणेल, ही सवर्णांची नक्कल झाली. थोडीफार होती. पण गुडघ्यापर्यंतचं लुगडं ही त्या बायकांनी हौसेने निवडलेली ओळख नव्हती, वरून लादलेली खूण होती.

स्वतःची म्हणावी अशी ओळख हळूहळू घडली. कामठीच्या बाबू हरदास यांनी ‘जय भीम’ हा नमस्कार रुजवला. ‘जोहार मायबाप’ म्हणताना कंबर वाकायची. ‘जय भीम’ उभ्यानेच म्हणतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून.